३२०० आरपीएमच्या वर मिसफायर: प्लगपासून कॉइलपर्यंत सगळं बदललं, तरी जात नाही

मागची_सीट

नमस्कार. गाडी बाबांची आहे. चार सिलिंडर, साधारण अकराशे सीसी, एका बॅरलचा कार्ब्युरेटर, इंजिनावर बसवलेला डायफ्रामचा पेट्रोल पंप आणि पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडून कॉइलचा करंट तोडतात तेव्हा ठिणगी पडते. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमचा डबा आहे. आरपीएमचा काटा बाबांनी नंतर बसवून घेतलेला आहे, त्याची वायर कॉइलच्या निगेटिव्हवर जाते.

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. स्लोला काटा ८०० वर स्थिर असतो. पहिला, दुसरा गिअर छान. तिसऱ्यात किंवा चौथ्यात सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात चालवत असताना काटा ३२०० च्या आसपास आला की झटके सुरू होतात. आधी दोन-तीन बारीक, मग एक मोठा, आणि सायलेन्सरमध्ये फटका वाजतो. पाय काढला की त्याच क्षणी सगळं शांत. पुन्हा तिथवर नेलं की पुन्हा तेच.

आतापर्यंत केलेलं क्रमाने लिहिते. नवे प्लग, गॅप ०.६५ मि.मी. प्लगच्या वायरी नव्या. डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर नवा. पॉइंट आणि कंडेन्सर नवे. मग कॉइल बदलली. कार्ब्युरेटर दोनदा उघडून सगळे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) हवेने फुंकले. पेट्रोलचा फिल्टर नवा. टॅपेट थंड इंजिनावर मॅन्युअलप्रमाणे लावले. चढावर पूर्ण एक्सलरेटर दाबून नेली तर काही तक्रार करत नाही, पण चढावर काटा तेवढा वर जात नसेल म्हणून तसं असेल. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं आहे.

ही गाडी बाबांनी अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या हाताने सांभाळली. आता त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे पान्हा माझ्या हातात आला आहे. ते शेजारी बसून ऐकतात आणि दर वेळी एकच म्हणतात, "करंट तुटतोय." मला त्यांच्यासारखं कानाने ओळखता येत नाही. पण आता बदलायला काही उरलेलं नाही. पुढे कुठून सुरुवात करू?

जेट_१२५

वरच्या आरपीएमला झटके म्हणजे मिश्रण पातळ होतंय. मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. माझ्या गाडीत एवढ्यावर काम झालं होतं.

टॅपेट_काका

जेटला अजिबात हात लावू नका. गाडी वर्षानुवर्षं ज्या जेटवर नीट चालली तो जेट आपोआप लहान होत नाही. त्यात कचरा अडकू शकतो, पण तो तुम्ही दोनदा फुंकला आहे. दोष सापडण्याआधी जेट बदलला तर पहिला दोष राहतोच आणि वर दुसरा आपण घालतो. मग दोन्ही एकमेकांना झाकतात आणि माणूस महिनाभर गोल गोल फिरतो. अशा गाड्या माझ्याकडे फार आल्या. त्यातल्या निम्म्यांना आधी मूळ जेट परत बसवावा लागला.

ताई, तुम्ही मेहनत खूप घेतली आहे आणि नोंदही नीट ठेवली आहे. पण यादी पाहिली तर सगळीकडे "बदललं" आहे, "तपासलं" फक्त टॅपेट आणि कॉम्प्रेशनच्या बाबतीत आहे. नवा भाग म्हणजे चांगला भाग असं धरू नका. नवा कंडेन्सर डब्यातूनच खराब निघालेला मी पाहिला आहे. जुना कंडेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा.

वरच्या आरपीएमचा मिसफायर तीनच ठिकाणांहून येतो: ठिणगी, पेट्रोल किंवा व्हॉल्व्ह. तिन्हींची वागणूक वेगळी असते, आणि ती काहीही न उघडता ओळखता येते.

पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी लगेच तक्रार करत नाही. फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. पंप मागे पडला तरी तेवढ्यावर गाडी काही क्षण पळते, वाटी रिकामी होत आली की दम तुटतो. हे तुटणं मऊ असतं. कोणीतरी मागून हळूच धरून ठेवल्यासारखी गाडी मंदावते, आणि पाय सोडल्यावर पूर्ववत व्हायलाही थोडा वेळ घेते. शिवाय जितकं जास्त दाबाल तितकं लवकर होतं, कारण पूर्ण एक्सलरेटरवर पेट्रोल सर्वांत जास्त लागतं.

ठिणगी तुटली तर ते धारदार असतं. एका क्षणी आहे, दुसऱ्या क्षणी नाही. न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये जातं आणि पुढची ज्योत पोहोचली की तिथे पेट घेतं, तोच तुमचा फटका. पाय सोडल्याबरोबर शांत होणं हेही ठिणगीकडेच बोट दाखवतं.

व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ झाली असेल तर एका ठरावीक आरपीएमच्या वर व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. तिथे लोड कमी आहे की जास्त, याने फारसा फरक पडत नाही, आकडा तोच राहतो. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावलं तर रेस वाढवत नेताना सुईची थरथर वाढत जाते. तुमच्या गाडीला ३२०० हा आकडा त्या मानाने फार खाली आहे, म्हणून मी हे शेवटी ठेवीन.

आता चार गोष्टी करून सांगा. झटका बसतो तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो ते शेजारी बसणाऱ्याला पाहायला सांगा. काटा कॉइलच्या निगेटिव्हवरून मोजतो. इंजिनाचं चाक जड आहे, ते एका झटक्यात हजार आरपीएमने खाली येऊ शकत नाही. म्हणून काटा थडथडला किंवा एकदम पडला तर इंजिन नव्हे, कॉइलचा प्रायमरी करंट, म्हणजे बॅटरीकडून कॉइलमधून पॉइंटकडे जाणारा, तुटला आहे. काटा शांत राहून गाडी झटके देत असेल तर दोष पुढे आहे: रोटर, कॅप, वायर, प्लग, नाहीतर पेट्रोल.

दुसरं, झटके सुरू असताना चोक अगदी थोडा ओढा. सुधारली तर मिश्रण पातळ आहे. बिघडली किंवा फरकच पडला नाही तर कार्ब्युरेटर तूर्तास विसरा.

तिसरं, झटके पायाने नेल्याबरोबर येतात की काही वेळ धरून ठेवल्यावर, हे घड्याळ लावून बघा.

चौथं, टायमिंग लाइट मिळत असेल तर त्याचा चिमटा कॉइलकडून कॅपच्या मधोमध येणाऱ्या जाड वायरवर लावा. गाडी न्यूट्रलमध्ये ३५०० वर धरा आणि दिवा बघा. तिथेच उजेड तुटत असेल तर दोष कॉइलमध्ये किंवा कॉइलच्या मागे. मधली वायर सलग आणि एखाद्याच प्लगची तुटक असेल तर दोष त्या प्लगच्या वाटेवर. पंखा आणि पट्ट्यापासून केस, ओढणी, बाही लांब ठेवा. न्यूट्रलमध्ये एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

टाकी_फुल

काकांनी पेट्रोलचं जे वर्णन केलंय ते मी अनुभवलं आहे म्हणून लिहितो, म्हणजे फरक कळेल. माझी गाडी लांबच्या रस्त्यावर एका वेगाने अर्धा तास चालली की मरगळायची. झटका नाही, फटका नाही, नुसती मंदावत जायची. थांबून बॉनेट उघडून दहा मिनिटं बघत बसलं की पुन्हा ठणठणीत. पंप बदलला, फिल्टर बदलला. शेवटी एकदा टाकीचं झाकण उघडलं तर आत हवा सुर्रकन ओढली गेली. झाकणातलं हवेचं भोक बुजलं होतं. पेट्रोल कमी होत जाईल तशी टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पंपाला ओढता यायचं नाही. उभी राहिली की हवा हळूहळू आत शिरायची, म्हणून दहा मिनिटांत बरी.

तुमचा प्रकार वेगळा वाटतो, पण झाकण एकदा सैल करून चालवून बघायला काहीच लागत नाही. टाकी भरलेली असेल तर मात्र नको, पेट्रोल बाहेर उसळेल.

मागची_सीट

काका, चारही केलं. टायमिंग लाइट शेजाऱ्यांकडून आणला.

काटा: पडतो. बारीक झटक्यांना थरथरतो आणि मोठ्या झटक्याला ३२०० वरून सरळ हजारच्या खाली जाऊन परत येतो. मी इतके दिवस समजत होते की गाडी झटका खाते म्हणून काटा पडतो. चाक जड आहे हे तुम्ही लिहिलंत तेव्हा डोक्यात उजेड पडला.

चोक: ओढला तर गाडी जड झाली, झटके तसेच.

वेळ: नेल्याबरोबर येतात, दोन-तीन सेकंदांत. घड्याळ लावायचीही गरज पडली नाही.

टायमिंग लाइट: बाबांना गाडीत बसवून रेस धरायला लावली, त्यांचा पाय अजून माझ्यापेक्षा स्थिर आहे. मधल्या जाड वायरवर ३५०० ला दिवा बराच वेळ सलग होता, मग एकदम विझला आणि पुन्हा लागला. विझला तेव्हाच इंजिनाने ठोका चुकवला. न्यूट्रलमध्ये रस्त्याइतकं वारंवार होत नाही, पण चार वेळा धरलं त्यात तीनदा झालं.

टाकी_फुल, झाकण सैल करून पाहिलं. फरक नाही.

म्हणजे बाबा बरोबर होते. आता कॉइलच्या मागे काय काय येतं?

वायर_आणि_मीटर

कॉइलच्या मागे जे येतं ते क्रमाने असं: बॅटरी, चावी, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट आवरणारा) असेल तर तो, कॉइलचा प्रायमरी, तिथून डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरचा टर्मिनल, आतली छोटी वायर, पॉइंट, पॉइंटची प्लेट, आणि प्लेटमार्गे अर्थ. यातलं काहीही क्षणभर तुटलं तर ठिणगी गेली.

पण त्याआधी ड्वेल, म्हणजे पॉइंट किती अंश बंद राहतात ते, मोजलात का? पॉइंट नवे बसवले आणि गॅप फीलरने लावला असेल तर ड्वेल मीटरने पडताळणं गरजेचं आहे. हिशोब करून दाखवतो, कारण "वरच्या आरपीएमलाच का" याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला एका फेरीत दोन ठिणग्या लागतात. ८०० आरपीएमला मिनिटाला १६०० ठिणग्या, म्हणजे दोन ठिणग्यांत ३७.५ मिलिसेकंद. ४५०० ला मिनिटाला ९०००, म्हणजे फक्त ६.७ मिलिसेकंद. डिस्ट्रिब्युटरच्या ९० अंशांपैकी समजा ६० अंश पॉइंट बंद असतात. तेवढ्याच वेळात कॉइल भरते. स्लोला तिला २५ मिलिसेकंद मिळतात, ४५०० ला जेमतेम ४.४. जुन्या पद्धतीच्या तीन ओहमच्या कॉइलला पूर्ण भरायला आठ-दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे वरच्या आरपीएमला ती तशीही अर्धपोटी असते. त्यात पॉइंटचा गॅप जास्त राहिला आणि ड्वेल ४८ वर आला की मिळतात ३.६. ठिणगी बारीक होते, आणि सिलिंडरमध्ये दाब जास्त असेल तेव्हा प्लगचा गॅप ओलांडू शकत नाही.

कॉइलचाही एक मुद्दा. तुमच्या गाडीला बॅलास्ट आहे का आणि नवी कॉइल कुठली आहे ते बघा. बॅलास्टच्या गाडीला दीड ओहमच्या आसपासची कॉइल लागते. तिथे तीन ओहमची बसवली तर करंट कमी पडतो. उलट, बॅलास्ट नसलेल्या गाडीत दीड ओहमची बसवली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात.

मागची_सीट

बॅलास्ट नाही. कॉइल मीटरवर ३.१ ओहम दाखवते, म्हणजे जोडी बरोबर आहे.

ड्वेल मात्र ४९ निघाला! मॅन्युअलमध्ये ६० आहे, तीन अंश इकडे-तिकडे. मी फीलरने ०.४५ लावला होता. पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षात आलं की तो लावताना पॉइंटची टाच कॅमच्या बरोबर टोकावर नव्हती, थोडी अलीकडे होती. म्हणजे खरा गॅप त्याहून जास्त होता. ड्वेल ६० वर आणला, टायमिंग पुन्हा लावलं. गाडी वरच्या बाजूला आधीपेक्षा मोकळी पळते हे नक्की.

पण झटके तिथेच आहेत. काटा तसाच पडतो.

टॅपेट_काका

ड्वेल सुधारला ते उत्तम झालं, आणि टायमिंग पुन्हा लावलंत तेही बरोबर. ड्वेल बदलला की टायमिंग सरकतंच, गॅप वाढला की ठिणगी लवकर पडते. पण कमी ड्वेलची ठिणगी अशक्त होते, गायब होत नाही. शिवाय अशक्त ठिणगी आधी चढावर मार खाते, कारण पूर्ण एक्सलरेटरवर सिलिंडर गच्च भरतो, दाब वाढतो आणि प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. तुमची गाडी चढावर बरी आहे.

हे वाक्य तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं आणि मीच त्यावरून पुढे गेलो. आज दुपारी पुन्हा सगळं वाचलं तेव्हा थांबलो. पूर्ण एक्सलरेटरवर नाही, हलक्या पायावर आहे. पेट्रोल असतं तर उलट झालं असतं. ठिणगी नुसती अशक्त असती तरी उलट झालं असतं. हलक्या पायावर असं काय घडतं, जे पूर्ण दाबल्यावर घडत नाही?

व्हॅक्यूम. हलक्या पायावर थ्रॉटल थोडाच उघडा असतो आणि इंजिन जोरात ओढत असतं, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्या छोट्या भोकावर ओढ भरपूर असते. ती नळीतून डिस्ट्रिब्युटरच्या डब्याला मिळते, डबा सळई ओढतो आणि पॉइंटची अख्खी प्लेट काही अंश फिरते. पूर्ण दाबलं की थ्रॉटल सताड उघडतो, ओढ जाते आणि प्लेट जागेवर परत येते. स्लोला भोक थ्रॉटलच्या मागे राहतं म्हणून तिथेही ओढ नाही. म्हणजे तुमची गाडी जिथे बिघडते नेमकी तिथेच प्लेट शेवटच्या टोकापर्यंत फिरलेली असते, आणि जिथे बरी असते तिथे प्लेट घरी असते.

त्या प्लेटबरोबर दर वेळी कोण हलतं? बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी ती बोटभर वायर. वर्षानुवर्षं ती पुढे-मागे वाकत राहते. आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात, वरचं कापडी आवरण मात्र साबूत राहतं. प्लेट घरी असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात आणि करंट जातो. प्लेट ओढली गेली की टोकं दूर होतात. पॉइंटचा संच बदलताना ही वायर सहसा बदलली जात नाही, ती डिस्ट्रिब्युटरची म्हणून राहते. काही डिस्ट्रिब्युटरमध्ये प्लेटला अर्थ देणारी एक वेणीसारखी तार असते, ती तुटली तरी असंच होतं. ती असेल तर तीही बघा.

खात्री करायला आत काही उघडू नका. डिस्ट्रिब्युटरच्या डब्याची रबरी नळी काढा, कार्ब्युरेटरकडचं टोक खिळा किंवा बोल्ट घालून बंद करा, नाहीतर तिथून हवा ओढून मिश्रण पातळ होईल आणि परीक्षा खोटी ठरेल. मग त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये चालवा. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (प्लेट फिरवून ठिणगी लवकर पाडणं) नसल्याने गाडी थोडी सुस्त वाटेल, पण इंजिनाला धोका काही नाही.

झटके गेले तर कॅप आणि रोटर काढा, चावी बंद ठेवा. मीटर ओहमवर घ्या. एक टोक बाहेरच्या टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या स्प्रिंगला जिथे ती वायर जोडली आहे तिथे लावा. शून्याच्या जवळ वाचन यायला हवं. मग डब्याच्या नळीतून तोंडाने ओढा किंवा प्लेट बोटाने हळू फिरवा आणि मीटरवर नजर ठेवा.

जेट_१२५

चढावरच्या वाक्यावर मीही लक्ष दिलं नव्हतं. काका म्हणतात ते पटतंय. माझा जेटचा सल्ला मागे घेतो.

मागची_सीट

गेले! नळी काढून, कार्ब्युरेटरकडे बोल्ट घालून तोच रस्ता, तोच गिअर. ३२००, ३५००, ३८००, काटा एकदाही हलला नाही. बाबा शेजारी होते. परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, नुसता कान लावून बसले होते.

घरी येऊन मीटर लावला. बाबांनी नळी तोंडात धरून ओढली, मी बघत होते. ०.२ ओहम, ०.२, ०.२, आणि प्लेट टोकाला पोहोचता पोहोचता वाचन गायब. सोडलं की परत ०.२. पाच वेळा केलं, पाचही वेळा.

वायर काढून हातात घेतली. बाहेरून काही दिसत नाही, कापडी आवरण नुसतं काळवंडलंय. टर्मिनलपासून साधारण एक सेंटिमीटरवर दोन बोटांत धरून वाकवली तर तिथे ती चिंधीसारखी लुळी पडते, बाकी ठिकाणी तिला थोडा ताठपणा आहे. आवरण ब्लेडने चिरलं. आत तीन-चार केस शाबूत, बाकी सगळे तुटून टोकं हिरवट झालेली. बाबांच्या बोटांत दिली. त्यांनी नेमकी त्याच जागी नखाने दाबून दाखवली.

आता हिच्या जागी कुठलीही वायर चालेल का? घरातली साधी लाइटची वायर आहे, डाग देऊन लावू का?

वायर_आणि_मीटर

साधी लाइटची वायर नको. तिचे केस जाड असतात, प्लेट फिरताना ती ताठ उभी राहील आणि लवकरच तुटेल. खूप बारीक केसांची मऊ वायर हवी. मल्टिमीटरच्या टेस्ट लीडसाठी सिलिकॉनच्या आवरणाची येते ती चांगली, उष्णताही सोसते. डाग देण्यापेक्षा टोकाला टर्मिनल दाबून बसवा. डाग वायरीत आतवर चढतो, तेवढा भाग कडक होतो, आणि जिथे तो संपतो तिथेच ती पुन्हा तुटते.

टॅपेट_काका

अगदी बरोबर. लांबी जुन्या वायरीइतकीच ठेवा, आणि प्लेट दोन्ही टोकांना नेऊन बघा: ओढलेल्या टोकाला वायरीत थोडा ढिलेपणा उरला पाहिजे, आणि घरी असताना तिचा फुगा कॅमला किंवा रोटरच्या खालच्या बाजूला घासता कामा नये. टर्मिनल जिथे डिस्ट्रिब्युटरच्या अंगातून आत येतं तिथलं इन्सुलेशनचं बूच तडकलेलं नाही ना तेही बघून घ्या. ते तडकलं असेल तर कॉइल अर्थ होऊन राहते आणि हाच खेळ दुसऱ्या रूपात सुरू होतो.

उघडलंच आहे तर रोटरचा दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवा. दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजला असेल तर हाताला कळेल. मग ड्वेल मीटर लावून स्लोचं वाचन आणि २५०० चं वाचन लिहून ठेवा. दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर बुशचं काम पुढेमागे काढावं लागेल. प्लेट फिरली की काही डिस्ट्रिब्युटरमध्ये ड्वेल थोडा तसाही बदलतो, म्हणून हे मोजताना नळी काढलेली आणि बंद असू द्या. टायमिंगही नळी काढूनच लावा. पॉइंटच्या टाचेला कॅमवर ग्रीसचा अगदी तांदळाएवढा थेंब द्या. जास्त झालं तर तो उडून पॉइंटवर बसतो.

बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी पहिल्या दिवशी कानाने जे सांगितलं, तिथे पोहोचायला आपल्याला मीटर आणि टायमिंग लाइट लागला.

मागची_सीट

नवी वायर बसवली, बूच ठीक आहे. टायमिंग नळी काढून लावलं. ड्वेल स्लोला ६०, २५०० ला ५८. दांडा आडवा हलवला तर किंचित जाणवतो, ते वहीत लिहून ठेवलं. नळी परत जोडली आणि काल चौथ्या गिअरमध्ये ४२०० पर्यंत नेली, हलक्या पायाने आणि पूर्ण दाबूनही. काटा स्थिर होता.

नमस्कार सांगितला. बाबांनी विचारलं, काकांच्या वहीत कंडेन्सर किती मायक्रोफॅरॅडचा लिहिलाय. आमचा जुना ०.२२ दाखवतो, नवा ०.२४. दोन्ही चालतील ना?

टॅपेट_काका

दोन्ही चालतील. जो आत्ता बसलेला आहे तो राहू द्या. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पॉइंट उघडून बघा. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड वाढलेलं दिसलं, तर दुसरा लावा.